काटाबाईंचे चार टायर

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक असलेल्या बाईला बाजाराने काय नाव ठेवावं? काटाबाई. तराजूच्या काट्यावरून, की पायात मोडतो त्या काट्यावरून, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही, आणि त्यांनीही कधी चौकशी केली नाही. दुकानाच्या पायरीवर त्यांची चप्पल वाजली की आतले वाणी, कापडवाले, भंगारवाले एकदम सज्जन होत. काटाबाई बोलत काही नसत. सरळ तराजूजवळ जात, वजन उचलत आणि उलटं करत. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, आणि त्या शिशावर खात्याचा शिक्का असतो. वजन वरून कितीही चकचकीत असो, खरंखोटं काय ते बुडाला. खात्यात नव्याने लागलेल्या पोरापोरींना त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत, "आधी उलटं करा, मग तोंड उघडा."

निवृत्त झाल्या तेव्हा लोकांना घड्याळ मिळतं, यांना दोन किलोचं एक वजन पॉलिश करून भेट मिळालं. त्याचा घरात एकच उपयोग. पुढचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते दारापाशी टेकण म्हणून पडलेलं असे, आणि येणाराजाणारा त्याला ठेचकाळत असे.

नोकरी संपली तरी संशय काही निवृत्त झाला नाही. दुधाची पिशवी मापात ओतून बघायची. दुरुस्तीला आलेल्या माणसाने काढलेला जुना पार्ट त्याच्याकडून मागून घ्यायचा. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहिल्या तर तीन का नाहीत हेही विचारायचं आणि एक का नाही हेही. एकदा फोनवर कोणी तरी 'तुम्हाला बक्षीस लागलंय' म्हणून सांगू लागला. काटाबाईंनी त्याला पाऊण तास असं काही उलटसुलट विचारलं की शेवटी त्यानेच 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवला.

घरात माणसं तीन. काटाबाई, त्यांचा धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. भावाने आयुष्यभर एका कचेरीत नकाशे काढले, त्यामुळे त्याला कागदावरची प्रत्येक रेघ दिसे आणि घरातलं काही दिसत नसे. त्याची बायको लवकर गेली. तेव्हा भाची सात वर्षांची होती. तिच्या वेण्या, तिचा अभ्यास, तिचे ताप, सगळं आत्याने केलं. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर काटाबाई म्हणत, "एकही माल तपासणीत उतरला नाही." खरं कारण त्यांनाच माहीत.

अशा बाईच्या देखत घरात सात वर्षांचा शिळा टायर यावा! पण आला होता. मागच्या वर्षी गाडीला नवे टायर घ्यायचे ठरले, तेव्हा दुकान काटाबाईंनीच निवडलं. पावती पाहिली, परवाना पाहिला, हवा भरण्याच्या गेजवरचा शिक्कासुद्धा पाहिला. टायर काळेकुळकुळीत, रबराचे बारीक केस अजून अंगावर. घेतले. पाच महिन्यांनी भाची एकटीच हमरस्त्यावर होती आणि मागचा डावा टायर फुटला. गाडी दुभाजकाला घासत गेली. भाचीच्या भुवईवर चार टाके पडले, एवढ्यावर निभावलं.

गाडी ओढून न्यायला आलेल्या मेकॅनिकने फुटलेला टायर बोटाने दाबून पाहिला. "नवा कुठला घेऊन बसलात? सात वर्षं गोदामात पडून वाळलाय हा. आकडा नाही का वाचलात?"

आणि त्याने टायरच्या कुशीवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. प्रत्येक टायरवर असतात. जन्मतारीखच म्हणा ना. काटाबाईंनी पावती वाचली, परवाना वाचला, आणि जे वाचायचं ते सोडलं होतं. 'आकडा नाही का वाचलात' हे वाक्य त्यांच्या कानात पुढे कित्येक महिने वाजत राहिलं. त्या दुकानाला जाब विचारायला गेल्या, तर तिथे चष्म्याचं दुकान झालेलं.

तेव्हापासून गाडी अंगणातच. लांब कोणी न्यायची नाही, असा हुकूम होता. पण आता भाचीला नोकरी लागली. घाटापलीकडच्या एका गावातल्या दवाखान्यात, रक्तलघवी तपासायच्या प्रयोगशाळेत. गाडीने चार तास. बस दिवसातून एकदा, तीही गावाच्या फाट्यावर सोडणारी. सोमवारी सकाळी निघायचं, मंगळवारी रुजू व्हायचं, आणि मग दर शनिवार-रविवार ये-जा. घाटातला रस्ता नेहमी ओला.

"आत्या, टायर तूच बघ," भाची म्हणाली.

"मी? मागच्या वेळी मीच बघितले होते."

"म्हणून तर. आता तू काय सोडणार आहेस?"

काटाबाईंनी तिच्या भुवईकडे पाहिलं आणि मान वळवली. या वेळी चूक झाली तर टाके चारच पडतील, याची हमी कोण देणार होतं?

पहिल्या दुकानात विक्रेता इतका गोड बोलला की त्या दुसऱ्याच मिनिटाला बाहेर पडल्या. 'ताई, तुम्ही फक्त डोळे मिटून घ्या,' म्हणाला होता. डोळे मिटायला सांगणाऱ्या दुकानात थांबतो कोण? दुसऱ्या दुकानात टायर आरशासारखे चमकत होते. काटाबाईंनी एकावर बोट घासलं, बोट तेलकट काळं झालं. आकड्यावर नेमकी किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. नखाने उकरायला लागल्या तर दुकानदार म्हणाला, "बाई, चिठ्ठी फाटेल." त्या म्हणाल्या, "चिठ्ठीच फाटू दे. टायर फाटण्यापेक्षा बरं."

तिसऱ्या दुकानाचा मालक पन्नाशीचा, खांद्याला फडकं, आणि तोंडात शब्द नाही. काटाबाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव घुम्या ठेवलं. जास्त बोलणारा लबाड असतो हे त्यांना ठाऊक होतं. न बोलणारा त्याहून पक्का असतो, असा त्यांचा अनुभव होता.

"टायर हवेत," त्या म्हणाल्या.

"गाडी?"

त्यांनी सांगितली.

"चालवतं कोण?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"रस्ता कुठला?"

हा टायर विकतोय की घर कधी रिकामं असतं ते काढून घेतोय? पण काटाबाईंनी सांगितलं. घाट, ओला रस्ता, दर आठवड्याला दोनदा, मुलगी एकटी. घुम्याने दाराजवळच्या दोन्ही थप्प्या सोडल्या, आत मागे गेला आणि एक टायर घरंगळवत घेऊन आला. "हा."

"हाच का? समोरचे का नाहीत?"

"ते शहरात फिरायला. ओल्यात हा धरतो."

"की हा तुमच्याकडे खपत नाही?"

घुम्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कमी खपतो. घाटात कमी लोक जातात."

काटाबाईंना हे उत्तर आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्या जास्त सावध झाल्या. चारही टायर मागवले, पिशवीतून भिंग काढलं, वाकून आकडे वाचले, वहीत लिहिले. तीन सारखे. चौथा वेगळा.

"हा जुना आहे!"

"अकरा आठवड्यांनी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"आकडा लिहिलेलाच आहे की, बाई."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"अकरा आठवड्यांत टायरला काही होत नाही. पण तुम्हाला सारखाच हवा असेल तर शनिवारी देतो. गोदामातून काढावा लागेल."

शनिवार. म्हणजे मध्ये दोन दिवस. दोन दिवसांत काय काय करता येतं, याची यादी काटाबाई घरी जाईपर्यंत मनात करत होत्या. आकडे वहीत होते, पण त्याच आकड्यांचा दुसरा हलका माल कशावरून नसेल? निरीक्षकाला एक गोष्ट पक्की माहीत असते, की वस्तू ओळखायची तर तिच्यावर आपली खूण हवी, आणि ती खूण समोरच्याला माहीत असता कामा नये. शनिवारी सकाळी निघताना त्यांनी भाचीच्या टेबलावरची लाल नेलपॉलिशची बाटली पिशवीत टाकली.

दुकानात चार टायर भिंतीला टेकवून ठेवले होते. चौथ्याचा आकडा आता बाकी तिघांसारखाच होता. "सगळे आकडे माझ्याकडे येतील असे फिरवा," त्यांनी फर्मावलं. घुम्याने फिरवले. तो पावतीपुस्तक आणायला आत गेला तेवढ्यात काटाबाई खाली वाकल्या. आकड्याशेजारी एक लाल ठिपका. चार टायर, चार ठिपके. फुंकर घालून वाळवले. भाऊ मागे उभा होता. "ताई, हे काय करतेस?"

"तू गाडीची किल्ली दे आणि मासिक वाच."

कामाच्या जागेत गिऱ्हाइकाला जायची परवानगी नव्हती. मध्ये काच होती आणि काचेसमोर एक बाक. बाकावर तिघंजण आपापल्या गाड्यांची वाट बघत बसलेले. काटाबाई बसल्या नाहीत. काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. गाडी लिफ्टवर चढली, जुनी चाकं निघाली, नवे टायर यंत्राजवळ गेले, आणि त्याच वेळी एक भलीमोठी पांढरी व्हॅन आत शिरली ती नेमकी काच आणि गाडी यांच्या मध्ये उभी राहिली.

"ती व्हॅन हलवा!" काटाबाईंनी काच ठोठावली. कोणी ऐकलं नाही. त्या डाव्या टोकाला गेल्या, उजव्या टोकाला गेल्या. व्हॅनखालून फक्त घुम्याचे बूट दिसत होते. ते इकडून तिकडे जात, थांबत, पुन्हा परत येत. अर्ध्या तासाचं काम होतं. सव्वा तास झाला.

"सव्वा तास लागतो का हो चार टायरांना?" त्यांनी बाकावरच्या गृहस्थांना विचारलं.

"माझे तर वीस मिनिटांत झाले होते," गृहस्थ म्हणाले. त्यांना काय, बोलून मोकळे.

गाडी बाहेर आली. काटाबाईंनी भिंग काढलं आणि पहिल्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. कंपनीचं नाव होतं, माप होतं, कसली कसली अक्षरं होती. आकडा नव्हता. ठिपका नव्हता. दुसरं चाक. नव्हता. तिसरं, चौथं. भिंग पिशवीत टाकून त्या उठल्या.

"हे माझे टायर नाहीत."

घुम्या हात पुसत आला. "तुमचेच आहेत."

"आकडा कुठाय?"

आणि इथे घुम्या क्षणभर थांबला. त्याच्या तोंडावर काही तरी सरकलं. चोरी पकडली गेल्यावर माणसाच्या तोंडावर जे सरकतं, ते काटाबाईंनी एकतीस वर्षं पाहिलेलं होतं. "आकडा आतल्या बाजूला गेलाय," तो म्हणाला. "या टायरची बाहेरची बाजू ठरलेली असते. उलटी लावता येत नाही."

"वा! सोयीस्कर आहे."

"लिफ्टवर घेऊन दाखवतो. व्हॅन उतरली की. अर्धा तास थांबा."

"अर्ध्या तासात तुम्ही माझे टायर आणून परत बसवाल. मला काय दुधखुळी समजलात? व्हॅन आणून मध्ये उभी केलीत, सव्वा तास लावलात, आणि आता आकडा आत गेला म्हणता! लबाडी करता ती करता, वर शिकवता मला?" बाकावरचे तिघंही उभे राहून ऐकत होते. "काढा हे. माझे जुने टायर परत चढवा."

घुम्या लाल झाला. पण आवाज चढला नाही. "जुने मी चढवणार नाही."

"का?"

"त्यांच्यावर तुमची मुलगी घाटात जाणार असेल तर मी हात लावणार नाही. दुसरीकडे जाऊन चढवून घ्या."

भावाने बहिणीचा दंड धरला. "ताई, चल. लोक बघतायत."

"बघू देत!" पण त्या गाडीत बसल्या, कारण दुसरं करायला काही नव्हतं.

घरी पोचल्यावर त्यांनी पाणीसुद्धा न पिता फोन लावला. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा आता खात्यात साहेब झाला होता. मॅडमचा फोन म्हटल्यावर तो बहुतेक खुर्चीतून उठून बोलत असावा. "सोमवारी साडेदहाला स्वतः जातो, मॅडम. गेजपासून सुरुवात करतो. तुम्ही सांगितलंत म्हणजे खात्रीच." एकतीस वर्षांत काटाबाईंची एकही तक्रार खोटी निघाली नव्हती. त्यांचा शब्द म्हणजे शिक्का.

भाची इथल्या जुन्या कामावरचा शेवटचा दिवस संपवून आली आणि सगळं ऐकून दारातच उभी राहिली.

"म्हणजे सोमवारी मी कशी जाऊ?"

"बसने जा."

"बस दुपारची आहे. फाट्यावर अंधारात उतरून पुढे सात किलोमीटर सामान डोक्यावर घेऊन जाऊ?"

"मग पुढच्या आठवड्यात जा. मी पत्र लिहिते त्यांना."

"आत्या, मी शाळेत नाही गं आता! तू पत्र लिहिणार आणि ते म्हणणार, बरं, चालेल!" भाचीचा आवाज फाटला. "तुला टायरवर विश्वास नाही, दुकानदारावर नाही, माझ्यावर तरी आहे का? मी याच गाडीने, याच टायरांवर जाणार. सोमवारी सकाळी सातला."

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही."

"बाबा, तुम्ही सांगा हिला."

बाबा मासिक उलटं धरून वाचत होते.

रविवारी भाची मुकाट्याने सामान भरत होती. पुस्तकांचे खोके, पांघरुणं, प्रेशर कुकर. काटाबाई स्वयंपाकघरातून तिच्या पावलांचा हिशोब ठेवत होत्या. इतक्यांदा बाहेर, इतक्यांदा आत, म्हणजे निम्मं सामान भरलं. थांबवायची कशी? किल्ली लपवावी असा विचार मनात आला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. ज्या मुलीच्या वेण्या घातल्या तिची किल्ली लपवायची? पण घाटातलं ते वळण आणि मागचं डावं चाक डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

बाहेर काही तरी धाडकन पडलं. "अगं आई गं!"

काटाबाई धावल्या. भाची खोकं टाकून पायाचा अंगठा धरून एका पायावर नाचत होती. दारातलं दोन किलोचं वजन तिच्या ठोकरीने कलंडून उताणं पडलं होतं.

"लागलं का?"

"नाही, फुलं वाहिली! किती वेळा सांगितलं, हा धोंडा इथे ठेवू नकोस म्हणून!"

काटाबाई वजन सरळ करायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. बुडाचं भोक वर आलं होतं. त्यातलं शिसं. शिशावरचा खात्याचा शिक्का, अजून कसा ठसठशीत. वरून बघितलं असतं तर दिसला असता का?

"आत्या? काय झालं?"

"काही नाही," काटाबाई म्हणाल्या. मग सावकाश म्हणाल्या, "तुझा आरसा आण. हातातला. आणि तुझ्या बापाला म्हणावं, ते मासिक ठेव आणि गाडीत बस."

भाऊ गाडीत बसला. "इंजिन सुरू कर. आता चाक वळव. पूर्ण वळव. अजून. ताकद नाही का हातात?" पुढची चाकं तिरपी झाली, त्यांच्या आतल्या कुशी बाहेर आल्या. काटाबाई खाली बसल्या, मग एका हातावर टेकल्या, मग सरळ अंगणात आडव्याच झाल्या. साडी मातीत. भाचीने तोंडावर हात ठेवला.

पुढचं डावं. आकडा होता. आकड्याशेजारी लाल ठिपका.

उजव्या बाजूला जाऊन पुन्हा आडव्या झाल्या. होता.

मागची चाकं वळत नाहीत. तिथे आरसा घातला, भाचीने मोबाइलचा उजेड धरला. मागचं उजवं. आरशात आकडे उलटे दिसत होते, पण ठिपका ठिपकाच होता.

"हे काय, नेलपॉलिश? माझं?" भाची ओरडली.

"गप्प बस. अजून एक राहिलाय."

मागचं डावं. तेच, जे फुटलं होतं. काटाबाईंनी आरसा वर धरला, खाली धरला, तिरका धरला. काही नाही. तीन खरे घालायचे आणि एक खोटा. शहाणा चोर असंच करतो. तीनवर समाधान मानून लोक उठतात. पण मागचं डावंच का?

"आत्या, ठिपका जमिनीकडे असेल तर दिसेल कसा?" भाची म्हणाली. "बाबा, गाडी थोडी पुढे घ्या. हळू. अजून हातभर. थांबा."

चाक अर्धं फिरलं. आरशात तो वर आला. लाल, थोडा पसरलेला. फुंकर नीट घातली नव्हती त्याला.

काटाबाई बराच वेळ तिथेच पडून राहिल्या. भाऊ खिडकीतून डोकं काढून विचारत होता, "ताई, उठता येत नाही का?"

"येतंय. मी विचार करतेय." मग उठून बसल्या, पदराने आरसा पुसला आणि भाचीला दिला. "सातला निघ. सहाला नाश्ता तयार असेल."

भाचीने त्यांच्या केसांतला पालापाचोळा काढला. तिला आत्या माहीत होती.

सोमवारी सातला गाडी फाटकाबाहेर गेली. काटाबाई साडेनऊला दुकानाबाहेर उभ्या होत्या. दुकान दहाला उघडायचं होतं. साहेबाला फोन करून 'येऊ नकोस' म्हणणं सोपं होतं. पण तक्रार फोनवर गिळली, तर मनात तशीच राहते, हे त्यांनी अनेकांच्या बाबतीत पाहिलं होतं.

घुम्याने शटर वर केलं आणि त्यांना पाहून तो थबकला. "काही राहिलं का?"

"राहिलं. आत चला." आत बाकावर एक गिऱ्हाईक येऊन बसेपर्यंत त्या गप्प राहिल्या. गिऱ्हाईक आल्यावर म्हणाल्या, "शनिवारी मी तुम्हाला तीन माणसांदेखत लबाड म्हटलं. ते चुकीचं होतं. टायर माझेच होते. माझी खूण होती त्यांच्यावर. ती आत होती आणि मी बाहेरून बघत बसले." मग बाकाकडे वळून, "तुम्हीही ऐकून ठेवा. शनिवारचे तिघं आता मी कुठून गोळा करू?"

गिऱ्हाइकाने घाबरून मान डोलावली.

घुम्या एकदम पुढे झाला. "खूण? लाल ठिपके?"

"हो."

"ते तुमचे?"

"नेलपॉलिश आहे. भाचीचं."

घुम्या जवळच्या टायरच्या थप्पीवर मटकन बसला, आणि मग हा न बोलणारा माणूस असा बोलला की काटाबाई बघतच राहिल्या. "अहो बाई, मी दोन रात्री झोपलो नाही! कंपनीचे रंगाचे ठिपके असतात, पण ते बाहेरच्या बाजूला. हे आत, आकड्याला चिकटून, चारही टायरांना सारखे. मला वाटलं, कोणी परत केलेला माल कंपनीने खूण करून ठेवला आणि चुकून म्हणा की मुद्दाम म्हणा, माझ्या गळ्यात मारला. म्हणून चारही चढवलेले पुन्हा उतरवले. आतून हात फिरवला, उजेडात धरले, पाण्यात दाबले. काही सापडेना. तरी मन मानेना."

"म्हणून सव्वा तास!"

"म्हणून."

"मग आकडा विचारल्यावर तोंड का पडलं तुमचं?"

"मला वाटलं, तुम्हीही ठिपके बघितले."

"सरळ सांगायचं होतंत की मला."

"तुम्हाला?" घुम्याने त्यांच्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही घेतले असतेत?"

"नसते घेतले," काटाबाईंनी कबूल केलं. हे त्यांच्या आयुष्यात फारसं झालं नव्हतं.

"कंपनीचा माणूस दुपारी यायचाय," घुम्या कपाळ चोळत म्हणाला. "मी खरमरीत लिहिलंय त्यांना. फोटोसकट."

"आणि खात्याचा माणूस साडेदहाला यायचाय," काटाबाई म्हणाल्या. "मी फोन केलाय."

घुम्याने बसल्या बसल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

साहेब बरोबर साडेदहाला आला, हातात पेटी, मागे एक कारकून. मॅडमना बघून त्याने पेटी खाली ठेवली. "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"लिहून घे. तक्रार माझी होती. खोटी निघाली. कारण लिही, तक्रारदाराने वस्तू उलटी करून पाहिली नाही."

साहेबाचं पेन कागदावर टेकलं आणि पुढे सरकेना. "मॅडम, असं कसं लिहू?"

"जसं सांगते तसं. शुद्धलेखन तपासीन मी."

घुम्या उठला. "आता आलाच आहात तर गेज बघून जा. नाही तर बाई म्हणतील, सुटला हा."

त्याने हवेचं गेज खुंटीवरून काढून पुढे केलं. साहेबाने हात पुढे केला, पण त्याच्या आधी काटाबाईंनी ते घेतलं. काटा कुठे आहे ते त्यांनी पाहिलं नाही. आधी गेज उलटं केलं, भिंग काढलं आणि मागचा शिक्का वाचला. चालू वर्षाचा होता. तरी अंगठ्याने एकदा घासून पाहिला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. घुम्याने श्वास सोडला.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. काटाबाईंचा हात पिशवीत भिंगाला लागला, चष्म्याला लागला, नेलपॉलिशच्या बाटलीला लागला, फोन सापडेना. सापडला.

"आत्या, पोचले! घाटात पाऊस होता गं, पण गाडी अशी धरून चालली, जरासुद्धा हलली नाही. सांग त्या दुकानदाराला."

काटाबाईंनी डोळे मिटले. बाकाला पाठ टेकवली. समोर घुम्या कान देऊन उभा होता, त्याच्याकडे बघून त्यांनी मान हलवली, एकदाच.

मग डोळे उघडले.

"सातला निघालीस, चार तासांचा रस्ता, मग आत्ताच पोचलीस कशी? अजून अकरा वाजलेले नाहीत. किती वेगाने चालवलीस? आणि मागे तो आवाज कसला येतोय?"